सदुसष्ट भाकऱ्या

“मग, गेला का कशानं भाग?”

धोंडिबुवांनी तव्यावरची शेवटची भाकरी उलटत विचारलं. मी शेजारी पंगतीची पानं पुसत होतो. समोर मार्तंड उभा, आमच्या मठातला सगळ्यात हुशार शिष्य. काखेत पाटी, खांद्याला बोचकं.

“कशानंच नाही, बुवा! नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. दहा लाखांच्या आतली सगळ्यात मोठी मूळ संख्या. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकीलाही दाद दिली नाही.”

“हजारावरच का थांबलास?”

“हजार हजारे दहा लाख. पलीकडचा कुणी भागणारा असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता.”

“शाबास! आणि दर वेळी बाकी उरली असेल...”

“उरली. पुसून टाकली. बाकीशी मला काय करायचंय?”

बुवांनी भाकरी निखाऱ्यावर शेकायला टाकली.

“मीही त्या संख्येसारखाच, बुवा. माझं मी शिकलो. कुणाचं काही लागत नाही. आज निघतो, निरोप द्या.”

माझे हात ओले होते म्हणून, नाहीतर... जाऊ दे.

बुवांनी भाकरी टोपल्यात टाकली आणि टोपलं पुढं सरकवलं. “एवढी पंगत वाढून जा. एकवीस पानं आहेत.”

मार्तंडनं भाकऱ्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

“सदुसष्ट! एकवीस त्रिक त्रेसष्ट, वर चार. सहा वर्षं बघतोय, तुमच्या भाकऱ्यांना एक दिवस सरळ भाग जाईल तर शपथ!”

खरंच होतं ते. चुलीपाशी बुवांचं गणित कच्चं पडतं, म्हणून आम्ही मागं हसायचो.

“तू आलास त्या दिवशी पंधरा पानं होती,” बुवा म्हणाले. “भाकऱ्या सत्तेचाळीस.”

“पंधरा त्रिक पंचेचाळीस...” मार्तंड सवयीनं बोलून गेला, आणि थांबला.

पंगत उठल्यावर आला होता तो. तीन दिवसांचा उपाशी, दारात धड उभं राहवत नव्हतं. बुवांनी दोन भाकऱ्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. पाणी मी दिलं होतं, म्हणून लख्ख आठवतंय.

आणि त्याआधी दोन वर्षं मीही असाच, पंगत उठल्यावर आलो होतो. मला तीन मिळाल्या होत्या. त्यांची चव अजून जिभेवर आहे.

“बुवा... त्या दोन...”

बोचकं टाकून मार्तंडनं बुवांचे पाय धरले आणि पोटभर रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

मग उठून त्यानं पंगत वाढली. उरलेल्या चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर गुळाचा खडा ठेवला आणि दाराशी नेऊन ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

“उद्यापासून भाकऱ्या मी थापतो, बुवा. किती थापू?”

बुवांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“भाग जाणार नाही इतक्या.”