अंतिम म्हणजे कोणता?

करंजवडीच्या जत्रेत खो-खोचा शेवटचा सामना होता आणि पंच होते बापूसाहेब रणनवरे. तुळसाच्या संघातली एकटी हौसा पळत होती. वेळ संपेपर्यंत ती टिकली की कप त्यांचा. अगदी शेवटच्या घटकेला पाठलाग करणारीने झेप घेतली, हौसा सटकली आणि हात लागला तो बापूसाहेबांच्याच धोतराला. दचकून त्यांनी शिट्टी फुंकली. "हौसा बाद!"

मैदान खो-खो हसलं, पण कर्णधार तुळसा धावत पंचांकडे गेली. "बापूसाहेब, हात तर तुम्हाला लागला!"

"लागला असेल," बापूसाहेब गुरगुरले. "पण शिट्टी वाजली. पंचाचा निर्णय अंतिम, असा नियमच आहे."

"नियम मान्य," तुळसा हात जोडून म्हणाली. "पण अंतिम म्हणजे शेवटचा ना? हा तर तुमचा पहिलाच झाला. शेवटचा अजून कुठं दिलाय?"

बापूसाहेब खाकरून म्हणाले, "तेच सांगणार होतो. अंतिम निर्णय आता देतो. हौसा नाबाद, तुळसाचा संघ विजयी!"

"मग बाद कोण?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

बापूसाहेब मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.