पिठावरची रेघ

एका नदीकाठच्या गावी एकदा एक वृद्ध पुराणिक राहत असत. कुणाकडे मृत्यू झाला की सुतकाच्या दिवसांत त्या घरी जाऊन ते जिवाच्या मरणोत्तर वाटेचं पुराण सांगत. पुढे त्यांचा आवाज बसला, तेव्हा वाचन त्यांच्या हरिहर नावाच्या शिष्याकडे आलं. खरं सांगायचं तर ते त्याला फारच मानवलं. यममार्गावरची तापलेली वाळू, वैतरणीच्या काठी आक्रोश करणारे जीव, हे तो असं रंगवून सांगे की बायाबापड्या पदराने तोंड झाकून घेत. "अंती मती तशी गती!" असं तो बोट उचलून बजावी. "घरात जीव अडकवून जो मरतो, तो सर्प होऊन त्याच घरात परततो!" ऐकणारे भ्यायले म्हणजे वाचन उत्तम झालं, असा त्याचा हिशेब.

आणि मग हरिहरची आईच गेली. ज्या घराच्या भिंती तिने स्वतः चिखल मळून उभ्या केल्या होत्या, त्याच घरात. तापाच्या ग्लानीत ती भिंतीवरून हात फिरवत राहिली आणि "माझं घर... माझं घर..." म्हणताम्हणताच तिचा श्वास थांबला. थोरला भाऊ अनंत हंबरडा फोडून रडला. हरिहरच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं नाही. त्याच्या कानांत त्याचंच पुराणातलं वाक्य घुमत होतं.

त्यांच्याकडे रीत अशी, की जिथे प्राण गेला तिथे पीठ पसरायचं, त्यावर पणती लावून टोपली पालथी घालायची आणि सकाळी पिठावर काय उमटलं ते पाहायचं. ज्याची पावलं, त्या योनीत जीव गेला असं मानायचं. लोकांच्या घरी हरिहर ही टोपली मोठ्या ऐटीत उचले आणि "पक्षी", "गाय" असं चटकन सांगून मोकळा होई. घरची टोपली मात्र त्याने हळूहळू उचलली. पिठावर पाऊल नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत वळणं घेत गेलेली एक रेघ होती.

"भाऊजी, काय आहे हो?" वहिनीने विचारलं.

"सर्पयोनी," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

गुरुजी तेव्हा आजारी, अंथरुणाला खिळलेले. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यातच गोठ्यात नाग निघाला. अनंतने काठी उगारली तसा हरिहर मध्ये पडला. "दादा, आई आहे ती! मातृहत्या करणार आहेस का?" अनंतच्या हातून काठी गळून पडली.

तेव्हापासून त्या घराला झोप उरली नाही. गोठ्याच्या भिंतीतल्या बिळापाशी दुधाची वाटी ठेवली जाऊ लागली. भिंतीच्या अलीकडेच माजघर आणि माजघरात वहिनीच्या तान्ह्या मुलीचा पाळणा. पाचोळा वाजला, दोरी हलली, भांडं सरकलं, की सगळ्यांच्या छातीत धस्स होई. आईला कुणी मारील या भीतीने हरिहर दार सोडत नव्हता आणि आईच कुणाला मारील या भीतीने पाळण्यावरून नजर हटवत नव्हता. दुसरी भीती मनात आल्याबद्दलही त्याला पाप लागल्यासारखं वाटे.

"भाऊजी, पोरीला घेऊन मी माहेरी जाऊ का?" वहिनीने एकदा चाचरत विचारलं.

"सुतकात? आणि आईला काय वाटेल, वहिनी?"

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी केर काढताना तिला पाळण्याखाली नागाची कात सापडली, पांढरी, लांब आणि अखंड. तिने हरिहरला हाक मारली. ती कात पाहिली आणि हरिहर अनवाणी गुरुजींच्या घरी धावत सुटला.

गुरुजी अंथरुणातून उठून काठी टेकत आले. त्यांनी कात पाहिली, गोठ्यात जाऊन दुधाची वाटी पाहिली, बिळापाशी थोडा वेळ वाकून राहिले आणि माजघरात परतले.

"आईला नातीची हौस होती ना रे?"

"फार. पोर सदा तिच्याच मांडीवर असायची."

"मग ताटातूट कशाला?" असं म्हणून गुरुजींनी पाळण्यातल्या मुलीला उचललं आणि ते सरळ गोठ्यात चालू लागले. काय चाललंय ते कुणाला कळेना. बिळापाशी जाऊन ते खाली वाकले. "घ्या बाई, तुमची नात."

"गुरुजी!" हरिहर किंचाळला. त्याने झेप घेतली, मुलीला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं आणि त्या धक्क्याने म्हातारे गुरुजी मागच्या कडब्यावर बसले.

"का ओढलीस? आजीच्याच हाती देत होतो."

"तो नाग आहे, गुरुजी! नाग आहे तो!"

इतक्या दिवसांत त्या घरात हे कुणीच मोठ्याने म्हटलं नव्हतं. गुरुजींनी बिळाकडे बोट केलं. त्यांची काठी बिळाच्या तोंडात घट्ट ठोकून बसवलेली होती. मग ते शांतपणे बोलू लागले.

"तुझी आई कुठे गेली, मला ठाऊक नाही. उभा जन्म पुराण सांगितलं, पण पिठावरची खूण मला एकदाही वाचता आली नाही. तू मात्र एका रेघेवरून आईचा निवाडा करून टाकलास, आणि शिक्षा या पोरीला! बरं, समज, तिचाच जीव या नागात आला. तरी जीव देह बदलतो तेव्हा नाती इथेच टाकून जातो. नागाच्या देहात तो नागासारखाच वागेल. घर काय, नात काय, त्याला कशाचीही ओळख नाही. आईपण कुणी पुढच्या जन्मात बरोबर नेत नाही, हरिहर. ज्याच्यावर माया केली, त्याच्यापाशी ते ठेवून जातात. आत्ता तू विचार केला नाहीस, पाप-पुण्य पाहिलं नाहीस, गुरूलाही ढकललंस. तुझ्यासाठी असं कोण धावत असे?"

मुलगी दचकून रडत होती आणि हरिहर तिला छातीशी धरून उभा होता.

अनंतने साप धरणाऱ्याला आणलं. त्याने नाग मडक्यात घातला, वर फडकं बांधलं आणि नदीपलीकडच्या रानात सोडायला नेला. मडकं अंगणातून जाताना आतून फूत्कार ऐकू आला. हरिहरचं अंग शहारलं. त्याने त्या जिवाला एका हातानेच नमस्कार केला, कारण दुसऱ्या हातावर मुलगी होती.

थोड्या वेळाने वहिनी तिला घ्यायला आली, तर तो सोडीना.

"वहिनी," तो म्हणाला, "आई गेली हो."

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच हरिहर ढसाढसा रडू लागला.