भरलेला तांब्या

इंग्रजीचे प्रोफेसर भालचंद्र दाभोळे कित्येक वर्षांनी परदेशातून भाऊबीजेला कुमुदताईकडे आले. ओवाळून होताच पाटावरूनच त्यांचं व्याख्यान सुरू झालं.

"बस चुकली तरी मिस, फोन घ्यायचा राहिला तरी मिस, शाळेतली बाई मिस आणि माणसासाठी जीव तुटला तरी मिसच! ताई, मी तुला रोज मिस करायचो. आहे तुमच्या मराठीत असा शब्द?"

ताईने निरांजन खाली ठेवलं.

"शब्दाचं मला काय कळतंय? आपल्यात कुणी आठवण काढली की उचकी लागते. म्हणून दर भाऊबीजेला तुझा रिकामा पाट मांडायचे आणि शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. संध्याकाळी तो तसाच तुळशीला ओतायचे रे."