अर्धवट उघडं दार

भयपटाचं पोस्टर म्हणजे कवटी, रक्त आणि ओघळणारी लाल अक्षरं, हा निर्माते इंगवलेसाहेबांचा नियमच होता. हेमांगीनं मात्र आपल्या पहिल्याच पोस्टरवर फक्त अर्धवट उघडं दार आणि आतला काळोख रंगवला.

“अगं पोरी, यात भूत कुठंय? याला कोण घाबरणार? भूत घाल, नाहीतर काम सोड!” साहेब कडाडले. पुन्हा पोस्टरकडे बघता बघता त्यांनी एकदम मागे पाहिलं. ऑफिसमागच्या गोदामाचं दार किंचित उघडं होतं. उठून त्यांनी ते घट्ट लावलं.

हेमांगी ताठ मानेनं म्हणाली, “साहेब, ते दार रोज उघडंच असतं. आजच का लावलंत?”

साहेबांनी छापखान्याला फोन लावला. पोस्टर तसंच छापलं गेलं, कोपऱ्यातल्या हेमांगीच्या सहीसकट.