परत आणलेली शाल

नदी ओलांडायला होडीशिवाय दुसरं साधन नव्हतं आणि राजवाड्यातला नगारा ऐकून लोक वेळ ओळखायचे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. मुलांनी ऐकावी, आणि मुलांच्या आईबापांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका राजधानीत माणकोजी नावाचा अत्तराचा व्यापारी राहत होता. त्याची बायको सगुणा, थोरली मुलगी वेणू आणि धाकटा मुलगा भिवा. घरात कशाची उणीव नव्हती. पेठही सुखवस्तू माणसांची होती. पण त्या पेठेची एक खोड होती. एका घरी नवा झोपाळा आला की बघता बघता साऱ्या आळीत झोपाळे टांगले जायचे. एकाच्या मुलानं जरीची टोपी घातली की दुसऱ्याचा मुलगा जेवण टाकून टोपीसाठी रडायचा.

एकदा शेजारी बारसं होतं. सगुणा निघाली, तर वेणू उंबऱ्यातच बसून राहिली.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "माझे पैंजण साधे आहेत. सगळ्या मुली हसतात."

"हसू देत गं. आपण कशाला मनावर घ्यायचं?"

"पण मीसुद्धा हसते ना, कमळीला. तिच्या पायात तर पैंजणच नाहीत."

आपली मुलगी रडते याचं सगुणाला वाईट वाटत होतं. आपली मुलगी दुसरीला हसते, हे ऐकून मात्र तिची मान खाली गेली. बारशाला ती एकटीच जाऊन आली आणि आल्या आल्या नवऱ्याला म्हणाली, "आपण इथून जाऊ या. इथं मुलं वस्तू मोजायलाच शिकतील, माणसं ओळखायला नाही."

माणकोजीला ते पटलं. त्याचाही मुलांवर फार जीव होता. मग दोघांनी राजधानीच्या आसपासच्या वस्त्या पाहायला सुरुवात केली. राजाच्या बागेजवळची वस्ती देखणी होती, पण तिथं प्रत्येक घराला उंच भिंत आणि मुलं आपापल्या भिंतीआड एकेकटी खेळत होती. वेशीबाहेरच्या वस्तीत मोकळी जागा भरपूर, पण रस्त्यावर रथ आणि घोडे इतके भरधाव जात की आया मुलांचा हात सोडत नसत.

शेवटी ती दोघं होडीत बसून नदीपलीकडच्या वस्तीत गेली. तिथली घरं लहान होती. अंगणांना कुंपणं नव्हती. चिंचेखाली गुरुजी मुलांना शिकवत होते. खेळताना एक मुलगा पडला, तशी जवळच्या अंगणातली बाई धावली. तिनं त्याचा गुडघा धुतला, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि त्याला पुन्हा खेळायला पाठवलं.

"तुमचा धाकटा का हो?" सगुणानं विचारलं.

"छे, तो त्या टोकाच्या घरचा," ती बाई म्हणाली. "पडला माझ्या दारात, मग तेवढ्यापुरता माझाच."

तिचं नाव गोजरा. तिचा नवरा बांबूच्या टोपल्या विणायचा. सगुणानं माणकोजीकडे पाहिलं आणि दोघांनी तिथंच राहायचं ठरवलं.

ठरवलं ते योग्यच होतं. वर्षभरात मुलं बदलली. वेणूनं पैंजण आपणहून काढून ठेवले, कारण ते घालून चिंचेवर चढता येत नसे. भिवाला कुणी लाडू दिला तर तो आधी त्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटी आणि मग स्वतः खाई. दोघं कुणाकडे काही मागत नसत, आणि स्वतःजवळचं द्यायला कधी कचरत नसत.

माणकोजी रोज होडीनं राजधानीत दुकानावर जाई. तिथं आल्यागेल्याला तो मुलांचं कौतुक सांगू लागला. "माझ्या पोरांना कशाचा मोह नाही. लाखाची वस्तू पुढं ठेवा, ढुंकून बघायची नाहीत." ऐकणारे माना डोलवत. माणकोजीला ते फार गोड वाटे. पुढंपुढं तो पाहुण्यांना घरी आणू लागला. मुलांना समोर उभं करी आणि विचारी, "काय हवं रे तुम्हांला?" मुलं म्हणत, "काही नको बाबा." पाहुणे वाहवा करत आणि माणकोजी छाती फुगवून बसे. पूर्वी पेठेत लोक झोपाळा दाखवत. माणकोजी मुलं दाखवू लागला. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच सुमारास राजानं त्याच्या अत्तरावर खूश होऊन भर दरबारात त्याला एक शाल दिली. लोण्यासारखी मऊ, काठाला सोन्याची वेल. माणकोजीनं ती मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवली. लवकरच नगरशेठ त्याच्या घरी येणार होते. त्या दिवशी ती अंगावर घ्यायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

नगरशेठ येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वस्तीत आग लागली. गोजराच्या अंगणात बांबूच्या वाळक्या कामट्या रचलेल्या होत्या. चुलीतली ठिणगी उडाली आणि क्षणात सगळं पेटलं. माणसं वाचली, पण घरातलं काही वाचलं नाही. गोजरा नुकतीच बाळंत झालेली. तिला आणि तान्ह्या बाळाला लोकांनी चावडीत नेलं. नदीवरून बोचरा वारा सुटला होता आणि बाळ गारठून निळसर पडत चाललं होतं.

सगुणा बाळाचे तळवे चोळत होती. ती वेणूला ओरडून म्हणाली, "पळ, घरात जे काही ऊबदार असेल ते घेऊन ये!"

वेणू पळत गेली आणि शाल घेऊन आली. सगुणानं ती क्षणभर पाहिली, मग बाळाभोवती गुंडाळली. थोड्या वेळानं बाळाच्या ओठांवर रंग आला.

संध्याकाळी माणकोजी घरी आला. आगीची बातमी त्याला होडीतच कळली होती. उद्याच्या तयारीसाठी त्यानं पेटी उघडली, तर पेटीत नुसती मलमल.

"शाल कुठं आहे?"

"गोजरामावशीच्या बाळाला दिली," वेणू म्हणाली. "आई म्हणाली, ऊबदार काही आण. सगळ्यांत ऊबदार तीच होती."

"अगं, ती पांघरायची शाल आहे का?"

"मग कशाची आहे, बाबा?"

उत्तर नसलं की माणसाला राग येतो. तसाच माणकोजी ताडताड चावडीकडे निघाला. मुलं मागोमाग धावली.

चावडीत वस्तीतली माणसं जमली होती. कुणी भाकऱ्या आणल्या होत्या, कुणी भांडी. इतक्या माणसांपुढं रागानं बोलायची माणकोजीला लाज वाटली. म्हणून तो हसला. हसून म्हणाला, "गोजराबाई, पोरांकडून चूक झाली बघा. ती शाल माझी नव्हे. दरबाराची आहे. उद्याच परत करायची आहे, नाहीतर मी परत मागितली नसती हो."

सगुणा तिथंच चावडीतल्या चुलीपाशी होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

गोजरानं बाळाला पदरात घेतलं, शाल सोडवली आणि नीट घडी घालून दोन्ही हातांनी पुढं केली. "माफ करा दादा, आम्हांला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "बाळानं ओली नाही केली, बघा. वेळ असता तर धुऊन दिली असती."

माणकोजीनं शाल घेतली आणि तो चालू लागला. दारात वेणू उभी होती. ती बाजूला झाली आणि तिनं वडिलांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नगरशेठ आले. माणकोजीनं शाल खांद्यावर घेतली. पाहुण्यांना सरबत दिलं आणि नेहमीप्रमाणे मुलांना हाक मारली.

"हीच का ती मुलं?" नगरशेठ म्हणाले. "ये रे बाळ. सांग, तुला काय हवं? मागशील ते देतो."

भिवा म्हणाला, "गोजरामावशीच्या बाळाला एक शाल द्या. आम्ही दिली होती, पण बाबांनी ती परत आणली."

माणकोजीची कानशिलं तापली. तेवढ्यात वेणू पुढं आली. तिनं भिवाचा हात घट्ट धरला आणि घाईघाईनं म्हणाली, "तो लहान आहे शेठजी, त्याला कळत नाही. ती शाल बाबांची नव्हतीच. दरबाराची होती. आज परत करायची आहे."

ती हे जमिनीकडे पाहत म्हणाली. शाल तेव्हा माणकोजीच्या खांद्यावर होती.

"दरबार कधीपासून दिलेलं परत घ्यायला लागला?" असं म्हणून नगरशेठ हसले. मग त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बापाच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. सरबत तसंच ठेवून काहीतरी कामाचं निमित्त सांगून ते उठले.

वेणू आजवर खोटं बोलली नव्हती. तिचं पहिलं खोटं बापाची अब्रू राखण्यासाठी होतं, आणि तेही तिनं बापाकडूनच उचललं होतं. माणकोजीला वाटलं, तिनं चारचौघांत आपली लाज काढली असती तरी बरं झालं असतं. त्यानं खांद्यावरची शाल काढून फेकली आणि तो माजघरात तोंड लपवून बसला.

सगुणा आत आली, तसा तो म्हणाला, "इथून जाऊ या. दुसरी एखादी चांगली वस्ती बघू. इथं आता मला तोंड दाखवता येणार नाही."

"जाऊ या की," सगुणा शांतपणे म्हणाली. "पण जिथं जाऊ तिथं तुम्ही बरोबर असणारच ना? मुलांना कुणापासून लांब न्यायचं, ते आधी ठरवा."

तो दिवस माणकोजीनं तसाच काढला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शाल उचलली, दोन्ही मुलांना बरोबर घेतलं आणि चावडीची वाट धरली.

चावडीत त्या दिवशीसारखीच माणसं होती. माणकोजी सगळ्यांच्या देखत गोजरापुढं हात जोडून उभा राहिला. "बाई, मी खोटं बोललो. शाल माझीच होती. मिरवायला हवी होती म्हणून मी ती तुमच्या बाळाच्या अंगावरून काढून नेली. आता मुलांदेखत ही घ्या."

गोजरानं मांडीवरचं बाळ थोडं वर केलं. त्याच्या अंगावर नवी गोधडी होती. साऱ्या वस्तीतल्या बायकांनी घराघरांतून एकेक तुकडा आणून ती दोन दिवसांत शिवली होती. कुणाचं जुनं लुगडं, कुणाचं धोतर, गुरुजींच्या पागोट्याचं टोक. माणकोजीनं नकळत आपल्या घरचा तुकडा शोधला. तो नव्हता. सगुणाला तिथं यायला तोंडच उरलं नव्हतं.

"आता राहू द्या, दादा," गोजरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "बाळाला या गोधडीची सवय झालीय. बसा, ताक घ्या थोडं."

माणकोजीला वाटलं होतं, शाल दिली की मन मोकळं होईल. ती त्याला तशीच हातात धरून, घोटघोट ताक पिऊन, सगळ्यांसमोरून परत न्यावी लागली. गोजरानं शिव्या दिल्या असत्या तर ते त्याला सोपं गेलं असतं.

पुढं ती शाल त्यानं चावडीत आणून ठेवली. ज्याला गरज लागेल त्यानं ती पांघरावी. कधी एखादा तापानं फणफणलेला वाटसरू पांघरी, कधी होडीवाला. सोन्याची वेल उसवली, रंग उडाला. माणकोजीनं पाहुणे आणणं बंद केलं. मुलांचं कौतुकही तो कुणापाशी सांगेनासा झाला. वस्तीतल्या लोकांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पण घरात एक गोष्ट राहून गेली. वेणू आता काहीही द्यायचं झालं की आधी विचारायला येई. मैत्रिणीला मूठभर चुरमुरे द्यायचे असले तरी दाराशी उभी राहून विचारी, "बाबा, हे देऊ का? तुम्ही परत आणणार नाही ना?" ती टोचून बोलत नसे. तिला खरंच ठाऊक नसे. आणि माणकोजी प्रत्येक वेळी मान खाली घालून म्हणे, "दे बाळा. नाही आणणार."

असे दोन हिवाळे गेले. एके दिवशी माणकोजी अंगणात अत्तराच्या कुप्या पुसत बसला होता. वेणू घरातून आली. तिच्या हातात तिची नवी ओढणी होती. कुंपण नसलेल्या त्या अंगणातून ती तशीच पलीकडे गेली आणि "ही तुला" म्हणत ती ओढणी एका मुलीच्या डोक्यावर घालून तिच्याशी खेळू लागली. जाताना ती थांबली नाही, तिनं काही विचारलंही नाही.

माणकोजीनं हातातली कुपी खाली ठेवली. डोळे भरून आले होते, म्हणून तो मुलांकडे पाठ करून बसला.

बोध: मुलांना निर्लोभी करायचं असेल, तर त्यांच्यासाठी चांगली वस्ती शोधावीच, पण तिथं जाताना आपला लोभ बरोबर नेऊ नये.