टिटवीने न सांगितलेली जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

तळ्याला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. हिवाळ्यात युरोपातून पांढरे करकोचे तिथे उतरत. काठावरच्या टिटव्यांशी त्यांचा करार ठरत होता, की कोल्हा ज्याला दिसेल त्याने सगळ्यांना सावध करायचं.

"शिवाय घरट्यांच्या जागा आम्हाला सांगा," म्हातारा करकोचा म्हणाला. "राखण नीट होईल. हा झाडावरचा कावळा सगळं लक्षात ठेवील."

"ठेवीन की. फुकट ठेवीन," कावळा म्हणाला.

एका टिटवीची चार अंडी खड्यांत उघडी होती. ती खड्यांसारखीच दिसत, म्हणून वाचली होती. तिला एका जागी बसवेना.

"आजोबा, तुमचं घरटं कुठे आहे?"

"फार लांब. तुला कशाला?"

"मग माझंही गुपितच राहू द्या. हा कावळा काय खातो ते तुम्हाला ठाऊक नाही. कोल्हा कुठे आहे ते सांगेन, अंडी कुठे आहेत ते नाही."

"मग करारही नाही," म्हणत करकोचा उडाला.

"चार अंड्यांपायी राखण घालवलीस," बाकीच्या टिटव्या चिडल्या. ती दिवसभर येरझाऱ्या घालत राहिली.

संध्याकाळी कोल्हा करकोच्यांच्या मागे दबा धरून बसलेला तिला दिसला. ओरडलं तर तो आपल्याकडेच वळणार, हे तिला कळत होतं. तरी ती ओरडली. करकोचे उडाले. पंख मोडल्याचं सोंग करत तिने कोल्ह्याला अंड्यांपासून लांब नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा करकोचा आला. त्याने घरट्याची जागा विचारली नाही. खड्यांकडे पाठ करून तो उभा राहिला आणि जवळ उतरू पाहणाऱ्या कावळ्याला त्याने हाकलून लावलं.