गज किती वर राहिला

“ठासलेली बंदूक रिकामी करूची तर ती उडवूकच व्हयी, बुवा. आता ती कोणार उडवू, तेवढा सांगा.”

खेमगिरी बुवा कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. वैशाखाचं ऊन मठाच्या अंगणात उतरलं होतं आणि बुवांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विश्राम धुरी बंदूक मांडीवर आडवी घेऊन पायरीवर टेकला. तीस वर्षं दर सोमवारी नारळ घेऊन हा डोंगर चढणारा माणूस. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा, दिगू, गेला. तेव्हापासून तो मठाकडे फिरकला नव्हता. आज आला, तर वार सोमवार नव्हता आणि हातात नारळही नव्हता.

“नारळ विसरलास?”

“इसराक नाय. मुद्दाम हाडूक नाय.”

“बरं.”

बुवांनी आणखी एक रातांबा फोडला. मूळचे घाटावरचे, चाळीस वर्षं कोकणात काढलेले, पण बोलणं अजून मोजकं आणि घाटावरचंच.

निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायच्या, हे इकडच्या गावांना पाठच झालेलं. हवालदार दोनदा वाडीत येऊन गेला होता. उद्या शेवटचा दिवस. जाताना तो हसत म्हणाला होता, “धुरीकाका, रिकामी करून आणा हां.”

त्याला हसायला काय जातंय!

विश्रामाची बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने सगळं ठासून बसवायचं. अशी बंदूक एकदा भरली की भरली.

“कोणावर उडवायची, ते ठरवूनच आला आहेस तू,” बुवा म्हणाले. “माझ्याकडे नुसती मान डोलवून घ्यायला आलास.”

विश्रामाने बंदूक सरळ केली. मग म्हणाला, “लवू परबार.”

लवू परब कोणी परका नव्हे. घराला घर लागून, शेताला शेत लागून. दोघांनी मिळून पहिला डुक्कर मारला तेव्हा दोघांना मिसरूडही फुटलं नव्हतं. गेल्या वर्षी फाल्गुनात, तिन्हीसांजेला, काजूच्या बागेत पाला सळसळला. लवूने डुक्कर समजून बार टाकला. पाल्याआड दिगू होता.

दिगूला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत धावत आणला तोही लवूनेच. पण रस्त्यावर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

“तेका जामीन गावलो,” विश्राम म्हणाला. “उजळ माथ्यान फिरता वाडीत.”

“फिरतो?”

विश्रामाला खोटं बोलायची सवय नव्हती. “...फिरना नाय. ओटयेर बसता. सांज झाली की ओटयेर येवन बसता, माज्या घराकडे तोंड करून.”

“वाडीत आणखी कोण?”

“कोण नाय. अकरा घरा. नवांक कुलूप. कोण गोव्याक, कोण मुंबैक. दिवो दोनच घरांत लागता. माज्या नि तेच्या.”

“त्याचा दिवा लागला नाही, असं कधी झालं?”

“एकदा. पावसात. तेका ताप इल्लो.”

“मग?”

“...माज्या गळ्याखाली घास उतराक नाय.” आणि मग घाईघाईने, “शिकार हातची जायत म्हणान!”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं विश्रामाला वाटलं.

खरं सांगायचं तर त्याला बरंच काही वाटत होतं. वर्षभरात त्याला असं बसवून कोणी काही विचारलं नव्हतं. बायको जाऊन दहा वर्षं झालेली. हाताला अजून दोन कपांची सवय होती, म्हणून रोज सकाळी दोन कपांचा चहा व्हायचा, आणि एक कप माडाच्या बुंध्याशी ओतून द्यावा लागायचा. घरात तो स्वतःशीसुद्धा बोलेनासा झाला होता. रागावायला तरी एक माणूस जवळ आहे, एवढाच काय तो आधार.

“विश्राम, ही बंदूक तुझ्याकडे कशाकरता?”

“परवान्यात लिवलेला आसा. शेतीच्या राखणीक.”

“तुझ्या आठवणीत ह्या पंचक्रोशीत बंदुकीने माणसं किती गेली?”

आठवणीच्या बाबतीत विश्राम कोणाला हार जाणारा नव्हता. तो बोटांवर मोजू लागला. शिमग्याच्या भांडणात एक. साफ करताना चाप दाबला गेला, तो एक. डुक्कर समजून तीन... त्यांतल्या तिसऱ्यावर तो जरा अडखळला. मग एक पोरगी बापावर रुसून आतल्या खोलीत गेली होती, ती. आणि एक त्याचा सख्खा चुलता.

“सात.”

“त्यांत चोर किती?”

“चोर?” विश्रामाने बोटांकडे पाहिलं. “...चोर एकय नाय.”

“दरोडेखोर?”

“हय खयचे इले दरोडेखोर!”

“मग राखण कोणापासून झाली?”

अडचणीचं काही आलं की विश्राम विषय बदलायचा. ती त्याची जुनी खोड.

“माज्या चुलत्याचा नाव त्येंच्यात घेव नये. तो आपल्या गाढवपणान मेलो. पिऊन तर्र. भरलेली बंदूक परत भरल्यान नि चाप ओढल्यान. नळी फुटली. तोंड म्हणान ऱ्हवाक नाय. असल्या माणसान बंदुकीक हात लावूचो कित्याक?”

हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. विश्राम धुरीचा नेम आणि विश्राम धुरीची ठासणी, या दोन गोष्टींना अख्ख्या तालुक्यात कोणी नाव ठेवलं नव्हतं. गर्वाचं घर खाली म्हणतात; विश्रामाचं घर तर पहिल्यापासून खालच्याच वाडीत, त्याला त्याचं काय!

“तू ही कधी ठासलीस?”

“तो जामिनार सुटान इलो, त्याच दिसा. खुंटयेवरची काढलंय नि ठासलंय. ती वरीसभर तशीच आसा.”

“मग इथेच आभाळात उडव आणि मोकळा हो.”

“आभाळात?” विश्राम उभाच राहिला. “वरीसभर राखलेली ती आभाळात?”

“आभाळाने तुझं काही वाईट केलेलं नाही, हे खरं.”

विश्राम पुन्हा बसला. त्याने दस्त्यावरून हात फिरवला...

“भरलेली आहे, हे तरी नक्की?” बुवांनी विचारलं.

आता मात्र हद्द झाली. दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं तर विश्रामाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. बुवा म्हणून त्याने राग गिळला.

“ह्यो बघा गज. रिकाम्या नळयेत सोडलो की तो तोंडाबरोबर बसता. भरलेली आसली तर चार बोटा वर ऱ्हवता. ह्या पोरासोरांकपण कळता.”

“मला नाही कळत. दाखव.”

बार पेटवणारी केप विश्रामाच्या खिशात होती. घोड्याखाली काही नव्हतं. त्याने बंदूक उभी धरली, गज नळीत सोडला. गज आत गेला आणि ठक्क करून थांबला. विश्रामाने नळीच्या तोंडाशी बोटं लावली. चार.

गज अजून वर होता.

त्याने त्यावर आणखी चार बोटं लावली. आता गज संपला.

त्याने गज काढला, पुन्हा सोडला. पुन्हा मोजलं. आठ.

“काय झालं?”

विश्रामाने गज काढून मांडीवर ठेवला.

विश्रामाला जवळचं नीट दिसेनासं झाल्यापासून त्याची बंदूक दिगूच ठासायचा. दुपारी जेवण झालं की ओटीवर फतकल मारून बसायचा, शीळ घालत दारू मापायचा. त्या दिवशीही बसला होता. “बाबा, सांजेक माळ्यार तुमी बसा. मी बागेत एक फेरी मारून येतंय.” ठासून झाली, खुंटीला लावली, आणि गेला. विश्राम शेतातल्या राखणीच्या माळ्याकडे निघायच्या आधीच बागेतून बार ऐकू आला. त्यानंतर खुंटीवरची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे कोणाच्या मनात येणार होतं?

आणि दोन महिन्यांनी, लवू सुटून आला त्या दिवशी, गज न टाकता, मोजल्याशिवाय, रागाच्या भरात...

“खालचा भरण दिगूचा,” विश्राम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “वरचा माजा.”

“आणि उडवली असतीस, तर?”

विश्रामाला चुलत्याचं तोंड आठवलं. चादरीने झाकलं होतं, तरी आठवलं.

“लवूक काय होवचा नाय होता,” तो हळूच म्हणाला. “मीच गेलो असतंय.”

आणि मग तो रडला. मुलाला अग्नी देताना रडला नव्हता, बाराव्याला रडला नव्हता. लोक म्हणाले होते, धुरी काळजाचा घट्ट. घट्ट कसला! रडायला समोर कोणीतरी लागतं, आणि त्याच्या समोर वर्षभर नुसती भिंत आणि खुंटी होती.

बुवा उठले, हात धुतले. पाण्याने भरलेला तांब्या आणून त्यांनी विश्रामापुढे ठेवला.

“दारू भिजली की मरते, असं ऐकलं आहे.”

विश्रामाने झटकन नळीच्या तोंडावर तळहात ठेवला.

“नको!”

“का?”

“माजी भिजांदे. पण पाणी खाली उतारतला...” त्याने मान हलवली. “त्येच्या हातचा आता खय काय एक ऱ्हवाक नाय, बुवा. इतक्याच आसा.”

बुवांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. खाली दरीत कुठेतरी कवडा घुमत होता.

“मग न उडवता, न भिजवता, आतलं बाहेर काढताच येत नाही?”

“येता...”

“मघाशी म्हणालास, उडवावीच लागते.”

विश्राम ओशाळला. “पेचाचो गज आसता एक. टोकाक मळसूत्र आसता. तो बोळ्यात रुतवन एकेक वरती ओढूचो. आदी वरचा भरण. मगे खालचा. सावकाश. त्येका हात व्हयो, असो तसो चलना नाय.”

“तुझ्याकडे आहे तसा गज?”

“नाय.”

“मग कोणाकडे आहे?”

विश्राम डोंगराखाली पाहू लागला. झाडांच्या दाटीतून त्याच्या बिवळवाडीची कौलं दिसत होती. बऱ्याच घरांवर पाला साचला होता.

“एकाकडेच,” तो म्हणाला.

बुवांनी नाव विचारलं नाही.

“त्येचोच हात बसलेलो त्या कामाक. आमच्या सगळ्यांच्यो बंदुको तोच रिकाम्यो करी. माजी पण.”

“बरं.”

“बरा काय, बुवा!” विश्रामाचा आवाज चढला, आणि तसाच खाली आला. “त्येच्या दारात मी ही घेवन कसो जाव? तो समाजतलो, मारूकच इलो.”

“तू मारायलाच जाणार होतास ना?”

“...होय.”

“मग वाट तुझ्या ओळखीची आहे.”

उन्हं कलू लागली होती. विश्राम उठला. केप खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पायरीवर ठेवून दिली. बंदूक खांद्याला लावली. खांद्याला ती आज जड लागत होती. भीती वाटत होती, रानात डुकरासमोर कधी वाटली नव्हती एवढी. लवूने दार लावून घेतलं तर? लावलं नाही तर? “लवू” अशी हाक मारून चौदा महिने झाले होते. ती हाक आता मारता येईल की नाही, याचाच त्याला भरवसा नव्हता.

दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

“बुवा... थय गेल्यार त्येका काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. देताना नळी तुझ्याकडे आणि दस्ता त्याच्याकडे असू दे.”